बाबांचा ४०७ का विकावा लागला, आणि तुम्ही ट्रेलर घ्यावा का

कळव्याच्या एका तरुणानं विचारलंय: "बाबांचा टाटा ४०७ होता. भिवंडीच्या गोडाउनमधून मुंबईत माल टाकायचे. २०१२ साली गाडी विकावी लागली, तेव्हापासून ते दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. ट्रकच्या धंद्यात प्रचंड वाढ झाली असं सगळे सांगतात, मग ती आमच्या घरात का आली नाही? बाबांचं काय चुकलं? आणि मी आता कर्ज काढून चाळीस फुटी ट्रेलर घेतला, न्हावा शेव्याला लावला, तर माझंही तेच होईल का?"

मी एकतीस वर्षं या लाइनीत आहे. मस्जिद बंदरला काकांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मुन्शी म्हणून बिल्ट्या, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या पावत्या, लिहायला बसलो, पुढे कळंबोलीत स्वतःची एक गाडी घेतली, आज सहा ट्रेलर आहेत. "बाबांचं काय चुकलं" हे वाचून मला उत्तर लिहावंसं वाटलं, कारण हा प्रश्न मी बऱ्याच घरांत ऐकलाय आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघतं: काही चुकलं नाही. गाड्या वाढल्या, माल वाढला, रस्ते वाढले, हे सगळं खरं. पण या वाढीतला पैसा काळागणिक एका हातातून दुसऱ्या हातात गेलाय. आधी तो पर्मिटवाल्याकडे होता. मग माल जिथे अडतो ती जागा ओळखणाऱ्याकडे गेला. आता ज्याला जाता-येता दोन्ही वेळचा माल मिळतो आणि ज्याची गाडी उभी राहत नाही, त्याच्याकडे आहे. बाबा यातल्या दुसऱ्या काळातले, आणि तुम्ही तिसऱ्या काळात उतरताय.

आधी पर्मिटचं सांगतो. आपल्याकडे रेल्वे ट्रकच्या खूप आधी आली. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, पुढच्या दहा-बारा वर्षांत बोर घाट आणि थळ घाट दोन्ही रेल्वेनं ओलांडले. एवढा पैसा रुळांत घातलेला, म्हणून ट्रकनं रेल्वेचा माल पळवू नये ही काळजी सरकारला इंग्रजांच्या काळापासून होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं कोणी कुठल्या भागात गाडी चालवायची ते पर्मिटवर बांधून टाकलं. स्वातंत्र्यानंतरही तेच धोरण राहिलं. १९५०-५१ मध्ये देशातला जवळजवळ नव्वद टक्के माल रेल्वेनं जात होता. १९५४ ला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, अशोक लेलँडच्या गाड्या आल्या, फाळणीनंतर इकडे आलेल्या पंजाबी कुटुंबांनी या धंद्यात आयुष्यं घातली. १९५९ ला मिनू मसानींच्या समितीनं बंधनं सैल करा असं सांगितलं, तरी पर्मिट मिळणं सोपं झालं नाही. १९७५ ला नॅशनल पर्मिट आलं, सुरुवातीला त्यालाही राज्यागणिक कोटा होता.

काकांच्या ऑफिसात लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात मेणकापडात गुंडाळलेली दोन पर्मिटं होती. गाडी जुनी होऊन भंगारात गेली तरी चालायचं, कारण त्याच पर्मिटवर दुसरी गाडी चढायची. काकू त्या कपाटाची किल्ली मंगळसूत्रात अडकवून ठेवायच्या. त्या काळात गाडीपेक्षा तो कागद महाग होता, आणि ज्याच्याकडे तो होता त्याला भाडं मागायला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं.

१ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि मालगाडीचं पर्मिट मिळणं हळूहळू अगदी साधी गोष्ट झाली. मार्जिनचे पैसे, म्हणजे गाडीच्या किमतीतला स्वतःचा वाटा, भरू शकेल त्याला फायनान्स मिळू लागलं. रेल्वेकडचा माल झपाट्यानं रस्त्यावर आला. आज देशातल्या मालवाहतुकीचा मोठा वाटा ट्रककडे आहे. पुस्तकात याला वाढ म्हणतील आणि ती वाढ आहेच. पण काकांच्या कपाटातला कागद त्याच काळात कवडीमोल झाला. त्यांनी गाड्या विकल्या आणि फक्त बुकिंगचं ऑफिस ठेवलं. मला तेव्हा ती माघार वाटली होती, रागही आला होता. आज वाटतं, गाडी कोणीही घेऊ शकतो म्हटल्यावर माल ज्याच्या हातात तोच टिकणार, हे त्यांना माझ्या आधी दिसलं.

आता बाबांचा काळ. ४०७ बाजारात आला १९८६ ला, आणि ठाणे-भिवंडी पट्ट्यासाठी ती गाडी जणू मापानंच बनवली होती. कारण समजून घ्या. मुंबईच्या हद्दीत माल शिरताना जकात लागायची. मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर, सगळीकडे नाके. म्हणून कंपन्यांनी माल हद्दीबाहेर ठेवला, आणि तोही भिवंडी शहरात नाही, आजूबाजूच्या ग्रामपंचायतींत: पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, दापोडे, माणकोली. तिथे जकात नाही, जमीन स्वस्त, एका बाजूला नाशिकचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला ठाणं. देशभरातून मोठ्या गाड्या येऊन तिथे रिकाम्या व्हायच्या, आणि दुकानदारानं मागितला तेवढाच माल, तेवढ्याचीच जकात भरून, लहान गाडीनं मुंबईत जायचा. अवजड गाड्यांना दिवसा शहरात बंदी, त्यामुळे लहान गाडीला आणखी मान. बाबांचा संसार या दोन अडथळ्यांवर उभा होता, एक जकात आणि दुसरी वेळेची बंदी.

मी स्वतः कापडाच्या गाठींबरोबर मुलुंड नाक्यावर रात्री काढल्यात. पावसात ताडपत्रीचा एक कोपरा सोडायचा, इनव्हॉइस आणि बिल्टी जुळवायची, गाठी मोजायच्या, पावती फाडायची, परत रस्सा आवळायचा. बाजूला चहाची टपरी, तिच्या बाकावर क्लीनर झोपलेले. कुठल्या गाडीत काय माल, तो कोणाचा आणि उद्या परत कधी निघणार, हे त्या बाकावर बसलेल्या ड्रायव्हरला दलालाच्या आधी कळायचं. बाबांना विचारून बघा, नाक्यावर ओळख झालेली माणसं त्यांना अजून आठवत असतील. त्या ओळखी म्हणजेच त्यांचं भांडवल होतं.

बाबांचं काम एका दिवसात सुटलं नाही. २००५ ला टाटा एस आला, आपला छोटा हत्ती. पाऊण टनाची गाडी, हप्ता कमी, गल्लीत वळते, एकट्या माणसाला झेपते. दुकानापर्यंतचा थोडा माल तिच्याकडे गेला. वरच्या बाजूनं मोठ्या कंपन्या एकेका ट्रान्सपोर्टरला वर्षाचा करार देऊ लागल्या, तिथे एका गाडीच्या मालकाला थेट काम मिळणं बंद झालं. ४०७ या दोघांच्या कात्रीत सापडला. २०१२ पर्यंत माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी गाड्या काढल्या. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. भिवंडी ओस पडेल असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं, झालं उलटंच. आधी विक्रीकरामुळे प्रत्येक राज्यात लहान गोडाउन ठेवावं लागायचं, ती गरज संपली, आणि कंपन्यांनी लहान गोडाउनं बंद करून भिवंडीत प्रचंड मोठी बांधली. गाड्याही तशाच आल्या, बत्तीस फुटी बंद बॉडीच्या, करारावरच्या. म्हणजे बाबांनी आणखी पाच वर्षं रेटलं असतं तरी तो माल ४०७ कडे परत आला नसता. त्यांनी कर्ज अंगावर न ठेवता गाडी काढली, हा माझ्या मते चांगला निर्णय होता. हे त्यांना तुम्ही सांगा, मुलाकडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल.

तिसरा काळ डब्याचा, म्हणजे कंटेनरचा. याचं मूळ एका ट्रकवाल्याकडेच जातं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या माल्कम मॅकलीननं एका ट्रकवर धंदा सुरू केला होता. माल गाडीतून काढून परत जहाजात भरण्यात जो वेळ जातो, तो वाचवायला अख्खा डबाच उचलून जहाजावर ठेवायचा, ही कल्पना त्यानं रेटली. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' जहाज ५८ डबे घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं. आपल्याकडे न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याच सुमाराच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईतला बाकीचा अवजड धंदाही खाडी ओलांडून आला: लोखंड बाजार कळंबोलीला, भाजी आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ ला वाशीला. २००२ पर्यंत पुण्याचा एक्सप्रेस वे पूर्ण झाला, तोही कळंबोलीपासूनच निघतो. २०२४-२५ मध्ये या एका बंदरातून, वीस फुटी डब्याच्या मापात, सत्तर लाखांहून जास्त डबे गेले-आले. तुम्ही म्हणता ती वाढ ही, आणि ती तुमच्या घरापासून तासाभरावर आहे.

पण डब्यानं ट्रकवाल्याचा हिशेब बदलला. पूर्वी किती पोती, किती टन, यावर भाडं ठरायचं. काही मालक ओव्हरलोड करून हप्ता फेडायचे. ते कधीच बरोबर नव्हतं, गाडीला नाही, रस्त्याला नाही, ड्रायव्हरच्या जिवाला तर नाहीच. डब्याचं वजन आधीच ठरलेलं असतं. तिथे वरकमाईला जागा नाही, फक्त फेऱ्यांना आहे. महिन्यात डबा किती वेळा उचलला, किती वेळा टाकला, यावरच सगळं.

हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा हप्ता, विमा, टॅक्स, पगार, पार्किंग आणि टायरसाठी बाजूला काढायचे पैसे मिळून महिन्याला १ लाख १० हजार लागतात. एका फेऱ्यात डिझेल, टोल, भत्ता जाऊन ८ हजार उरतात. चौदा फेरे झाले तर १ लाख १२ हजार, म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी. अठरा झाले तर ३४ हजार घरी आले. दहाच झाले तर ३० हजार खिशातून घालावे लागले. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, भाड्याचा दरही तोच. फरक फक्त उभं राहण्याचा. गाडी उभी असली तरी हप्ता चालूच असतो.

हे मी फार महागात शिकलो. माझा पहिला ट्रेलर घेतला त्या वर्षी एका कारखान्याचा इम्पोर्टचा डबा घेऊन गेलो होतो. गुरुवारी सकाळी गेटवर पोचलो. आत जागा नाही, थांबा. शुक्रवारी सुपरवायझर रजेवर, शनिवारी क्रेन बंद, रविवारी सुट्टी. सोमवारी दुपारी डबा खाली झाला. ड्रायव्हर चार रात्री केबिनमध्ये झोपला, आंघोळीला रस्त्यापलीकडच्या बोअरवेलवर जायचा. मी हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागितलं तर सांगितलं, "भाडा चिठ्ठीवर लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं. दोन ठरलेले फेरे बुडाले ते वेगळेच. त्या महिन्याचा हप्ता बायकोच्या भिशीतून भरला. तेव्हापासून किती तास फुकट आणि त्यानंतर दर दिवसाला किती, हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय माझी गाडी निघत नाही. पार्टी नाराज झाली तरी चालेल.

आता परिस्थितीवर अवलंबून आहे तो भाग. तुमच्याकडे मार्जिनचे पैसे स्वतःचे आहेत की तेही उसने, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेही उसने असतील तर माझं उत्तर थेट नाही असं आहे. स्वतःचे असतील आणि वर सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला राहत असेल, तर पुढे बोलू. दुसरं, माल कोणाचा? "बंदरावर लावीन, काम मिळेलच" या भरवशावर गाडी घेतली की तुम्ही तिसऱ्या-चौथ्या हाताचं भाडं घेणार. कंपनी, तिचा क्लिअरिंग एजंट, मोठा ट्रान्सपोर्टर, त्याचा दलाल, मग तुम्ही. प्रत्येकानं आपलं काढून घेतलेलं असतं. आणि फेरा एकेरी असेल, म्हणजे भरलेला डबा कारखान्याला टाकून येताना रिकामी गाडी, तर वरच्या हिशेबातले ८ हजार तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. इम्पोर्टचा डबा तळोज्याला खाली करून, तिथूनच एक्स्पोर्टचा डबा भरून बंदरात आणणं, ही जोडी ज्याला जमते तो टिकतो.

तिसरं, गाडी कोण चालवणार. बाबा ट्रेलर चालवतात, ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी जमा आहे. कसलेल्या ड्रायव्हरची या धंद्यात कायम चणचण आहे, आणि कारण उघड आहे: आम्ही मालकांनी त्यांना नीट वागवलं नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास सांगत होता. बंदराजवळच्या करळ फाट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, काल किती तास झाले. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाण्याबद्दलच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर गाड्या सोडून उतरले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दोन दिवस का होईना लोकांना ते दिसले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय. मे महिन्यात दुपारी उरणच्या रस्त्यावर जुन्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसून बघितलं की ही चैन नाही हे कळतं. तुमची गाडी झालीच, तर बाबांना रात्रीचे सलग फेरे देऊ नका. जोडीला दुसरा ड्रायव्हर ठेवा आणि त्याचा पगार वरच्या हिशेबात धरा.

पुढचं चित्र माझ्या अंदाजानं असं. दादरी ते न्हावा शेवा हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग मुख्यतः लांबचा डबा घेणार, उत्तरेकडे जाणारा. म्हणून लांब पल्ल्याच्या भरवशावर आज ट्रेलर घेऊ नये. बंदर ते सीएफएस (बंदराबाहेर डबे ठेवायचं, भरायचं आणि खाली करायचं आवार), बंदर ते तळोजा, भिवंडी, चाकण, हे जवळचे फेरे रेल्वे घेऊ शकत नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला, म्हणजे सातशे किलोमीटरचा नागपूरचा रस्ता भिवंडी तालुक्यात येऊन संपतो. तिथे माल थांबणार, आणि थांबला की तो पुढे न्यायला गाड्या लागणार. पालघरला वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. ते उभं राहील तेव्हा डब्यांचा काही ओघ तिकडे वळेल. पाच वर्षांचं कर्ज घेताना या तिन्ही गोष्टी नकाशावर ठेवून बघा. माझा कल तरी सध्या आमणे आणि पडघा या बाजूला जास्त आहे.

तुम्हाला माझा सल्ला असा आहे. आधी तीन महिने एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसा, पगार कितीही कमी असो. फॉर्म १३, म्हणजे एक्स्पोर्टचा डबा बंदरात न्यायचा कागद, कसा निघतो, गेट कधी बंद होतं, कुठला सीएफएस रिकामा डबा घ्यायला किती वेळ लावतो, कोण पार्टी भाड्याची बाकी चाळीस दिवसांत देते आणि कोण चार महिने फिरवते, हे तिथल्या रजिस्टरात सगळं लिहिलेलं असतं. बाबांना बरोबर घेऊन त्यांच्या आताच्या मालकाशी बोला. महिन्याला ठरावीक फेरे लेखी द्यायला ते तयार असतील तर तुमची गाडी त्यांच्याकडेच लावा. फेरे लेखी मिळाले तर आधी तीन-चार वर्षं वापरलेली गाडी बघा, ओळखीच्या मेकॅनिककडून चासी आणि डबा ट्रेलरला जखडणारे ट्विस्ट लॉक तपासून. नवी गाडी दुसऱ्या वेळी.

कागदाच्या दोन गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. उद्यम नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा; लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. आणि दहा किंवा कमी गाड्यांच्या मालकानं पॅन देऊन लेखी कळवलं तर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. ते पत्र पहिल्या बिलाबरोबरच द्या, नाहीतर पैसे परताव्यात वर्षभर अडकतात.

मार्जिनचा आकडा, आणि बाबांचे मालक फेऱ्यांबद्दल काय म्हणतात, एवढं कळवा. त्यावर तुमच्या गाडीचा महिन्याचा हिशेब मी मांडून देतो.